एक मत असंही आहे

जर्मनीत नव्यानं आलेल्या मराठी माणसाला इथले जुने मराठी लोक जे प्रश्न विचारतात ते ठरलेले असतात. घर मिळालं का, पत्त्याच्या सरकारी नोंदणीचं आनमेल्डुंग झालं का, हिंग किती आणलाय. टिपणीसकाका यातलं काहीएक विचारत नाहीत. ते चहाचा कप बशीच्या बरोबर मधोमध ठेवतात, तुमच्याकडे जरा वेळ काळजीनं बघतात आणि म्हणतात, "बाकीचं होईल हळूहळू. पुरायची सोय काय केलीत?"

आम्हाला हा प्रश्न डार्मश्टाटमधल्या आमच्या पहिल्याच रविवारी विचारला गेला. मी आणि माझा नवरा अमेय, दोघंही सॉफ्टवेअरवाले; आम्हाला तेव्हा इथे येऊन जेमतेम आठ दिवस झाले होते. घरात एक गादी, एक कुकर आणि न उघडलेल्या बॅगा. जिन्यातल्या पत्रपेट्यांवर 'टिपणीस' हे नाव दिसलं तेव्हा मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं होतं. लगोलग शिरा केला, वर जाऊन त्यांना चहाला बोलावून आणलं. आणि हे गृहस्थ शिरा खाऊन झाल्यावर पुरायचं विचारतात. अमेयला जोरदार ठसका लागला.

काकांनी त्याला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला आणि मग शांतपणे समजावून सांगितलं. या देशात माणसाला जाळलं तरी राख घरी ठेवता येत नाही. कलश फ्रीडहोफमध्ये, म्हणजे इथल्या दफनभूमीत, पुरावाच लागतो. कायदाच आहे तसा. तेव्हा जागेचा विचार आधी केलेला बरा. मी म्हटलं, अहो काका, आम्ही फक्त दोन वर्षांसाठी आलोय, नंतर परत जाणार. यावर ते इतकं गोड हसले की मला त्यांचा रागच आला.

"इजिप्तचा राजा गादीवर बसला रे बसला," ते म्हणाले, "की पहिला हुकूम कसला सोडायचा? लढाईचा नाही, लग्नाचा नाही. आपल्या पिरॅमिडच्या पायाचा. कातळ तपासा, उत्तर दिशा धरा, दगड कापायला घ्या. आणि वय किती असायचं त्याचं? आल्झो, तर मग, तुमच्याएवढंच."

ते गेल्यावर अमेयनं जाहीर केलं की या माणसाला पुन्हा बोलवायचं नाही. बोलवायची गरजच पडली नाही. पुढच्या रविवारी ते शिऱ्याची वाटी परत द्यायला आपणहूनच आले. दुसऱ्याची वाटी रिकामी परत करायची नाही हा आपला रिवाज. काकांनी ती साखरेनं भरून आणली होती, आणि त्या साखरेला चार सरळ कडा आणि वर एक टोक होतं. मी बघतच राहिले. कोरडी साखर पस्तीस अंशांच्या वर उभी राहत नाही, काका म्हणाले, जरासा पाण्याचा हात लावावा लागतो. हा बावन्न अंशांचा आहे, थोरल्यांचा. ती साखर मोडायला माझा हात धजेना. शेवटी अमेयनंच एका सकाळी थोरल्यांचं टोक चमच्यानं उडवून चहात ढकललं.

थोरले कोण, ते आम्हाला हळूहळू कळत गेलं. गिझाला जे तीन मोठे पिरॅमिड आहेत ते ज्या राजांना पुरण्यासाठी बांधले, त्यांची नावं काका कधी घेत नाहीत. घरातल्या वडीलधाऱ्यांची घेऊ नयेत तशी. त्यांच्यासाठी ते थोरले, मधले आणि धाकटे. बोलणंही सगळं भावकीतल्या माणसांबद्दल बोलावं तसं. मधले हुशार, त्यांनी उंचवटा बघून बांधला, म्हणून त्यांचा थोरल्यांपेक्षा मोठा दिसतो. दिसतो हं, आहे नाही. धाकट्यांचं जरा ओढाताणीतच उरकलं. पण काकांचा खरा जीव होता तो थोरल्यांच्या वडिलांवर. या वडिलांनी आयुष्यात एक सोडून तीन पिरॅमिड बांधले, आणि त्यातला दुसरा वाकडा निघाला. चोपन्न अंशांनी चढवत चढवत अर्ध्यावर आणला आणि मग एकदम त्रेचाळीसवर वळवला. त्याचा फोटो त्यांनी मला मोबाइलवर निदान पंचवीस वेळा दाखवला असेल. दमून खांदे पाडून बसलेल्या माणसासारखा दिसतो तो पिरॅमिड.

"बघ, चुकलं म्हणून पाडला नाही," काका म्हणायचे. "कोन बदलला आणि पूर्ण केला."

काका व्यवसायानं स्टाटिकर. म्हणजे इमारत पडणार नाही याची आकडेमोड करून खाली सही करणारा माणूस. फ्रँकफर्टच्या आसपासचे पूल, गाड्या ठेवायच्या सातमजली इमारती, एक पोहण्याचा तलाव, अशा बऱ्याच गोष्टी त्यांच्या सहीवर उभ्या आहेत. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, वय चौऱ्याहत्तर. उंच, काटकुळे, बारा महिने तेरा काळ अंगात तोच तपकिरी बिनबाह्यांचा स्वेटर आणि त्याच्या खिशात शाळकरी कंपासपेटीतला कोनमापक. आमच्याकडे जेवायला बसले की भाताची मूद पाडून झाल्यावर तो बाहेर निघायचाच. वरण घ्यायचं ते नंतर. मुलंबाळं नाहीत. विमलकाकू आम्ही यायच्या बऱ्याच आधी गेल्या. त्यांच्याबद्दल काका फारसं बोलत नसत. हॉलमध्ये टीव्हीच्या शेजारी काकूंचा एक फोटो भिंतीला टेकवून ठेवलेला असे, एवढंच. मी एकदा विचारलं, की काका, फोटो भिंतीवर का लावत नाही? तर म्हणाले, "भिंतीला भोक कशाला पाडायचं? जाताना बुजवावं लागतं."

जाताना! हा माणूस त्या घरात छत्तीस वर्षं राहतोय. मला हसू आलं, पण फार नाही, कारण आमच्या घरातलं सासरहून आलेलं घड्याळसुद्धा सात वर्षं कपाटावर आडवंच पडलेलं होतं. आमचीही दोन वर्षं अजून संपायची होती ना.

काकांची बोलण्याची एक ठरलेली रीत होती आणि तिनं मला फार छळलं. कुठलाही विषय निघाला की आधी ते डावा हात जरासा वर करायचे, मान किंचित कलती करायचे आणि अगदी मऊ आवाजात म्हणायचे, "एक मत असंही आहे." मग ते मत सविस्तर सांगायचे. मग हात खाली, मान सरळ, आणि त्यांच्या नेहमीच्या कोरड्या आवाजात, "पण ते चूक आहे." उदाहरणार्थ, तो वाकडा पिरॅमिड. कोन मध्येच का बदलला? एक मत असंही आहे की राजा म्हातारा झाला होता, त्याच्या डोळ्यांदेखत काम पुरं व्हावं म्हणून सगळ्यांची घाई झाली. पण ते चूक आहे. जमीन खचत होती, आतल्या खोल्यांना तडे गेले होते, म्हणून वरचं वजन कमी केलं. हे स्टाटिक आहे, इथे घाईबिईचा संबंध नाही. गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर.

हे मी इतक्या वेळा ऐकलं की तोंडपाठ झालं. मला गंमत वाटायची ती एका गोष्टीची. ते चुकीचं मत सांगताना काकांचा चेहरा उजळायचा आणि स्वतःचं बरोबर मत ते महापालिकेची नोटीस वाचून दाखवल्यासारखं उरकून टाकायचे. मी अमेयला म्हणायचे, जर्मनांबरोबर राहून राहून शिस्त लागली असेल, दुसऱ्या बाजूला आधी बोलू द्यायची.

आता या शिस्तीचा इतरांना काय ताप व्हायचा ते सांगते. एका दिवाळीला फ्रँकफर्टच्या मराठी मंडळींनी एकशे एक बेसनलाडवांचा नैवेद्य ठरवला. ताटात रचायचं काम काकांकडे. काका आदल्या दिवशी आले, लाडू मोजले आणि म्हणाले, एकशे एकाचा पिरॅमिड होत नाही. चौकोनी थर लावत गेलं तर एक्क्याण्णव लागतात, नाहीतर एकशे चाळीस. मंडळाच्या सुलभाताईंनी सांगितलं की एकशे एक शुभ असतात. काकांनी डावा हात वर केला, एक मत असंही आहे म्हणाले, आणि पुढचं मला सांगवत नाही. दहा लाडू बाजूला काढणं हा देवाचा अपमान, असं बायकांचं म्हणणं पडलं. तेव्हा संध्याकाळी पुन्हा बेसन भाजायला घेतलं आणि एकशे चाळीस केले. रचना अशी झाली की आरतीच्या वेळी लोक देवाऐवजी ताटाचेच फोटो काढत होते. सुलभाताई संक्रांतीपर्यंत काकांशी बोलल्या नाहीत.

आणि कार्ल्सरूहची वारी. म्हणजे त्यांचं दरवर्षीचं जाणं. हायडेलबर्गला गाडी बदलून कार्ल्सरूहला जायचं, कारण तिथे भर बाजारचौकात एक पिरॅमिड आहे. खरा. तांबूस दगडाचा, दुमजली घराएवढाही नाही, पण खाली ज्यानं ते शहर वसवलं तो राजा पुरलेला. दर मे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी काका डब्यात थालीपीठं आणि लोणी घेऊन तिथे जातात. एका वर्षी आम्हालाही नेलं. मला वाटलं होतं काही तरी भव्य असेल. तर चौकात ट्राम चालू, पोरं धावतायत, माणसं पिरॅमिडकडे पाठ करून आइसक्रीम खातायत. काका बाकावर एका टोकाला बसले. मी शेजारी बसायला गेले तर म्हणाले, तिथे नको, त्या बाजूला बस. मला वाटलं ऊन लागेल म्हणून सांगतायत. मग कोनमापक काढून एक डोळा मिटून बघितलं आणि समाधानानं थालीपीठ मोडलं.

"राजा खाली निजलाय आणि वर लोक आइसक्रीम खातायत," ते म्हणाले. "याहून चांगली सोय नाही."

कैरोला का जात नाही, असं मी सहज विचारलं. इतकं वेड आहे, विमानानं चार-पाच तासांचा प्रश्न. "पुढच्या वेळी," काका म्हणाले. एवढंच म्हणाले, आणि डब्याचं झाकण लावलं. मी पण विषय सोडून दिला.

गेल्या ऑक्टोबरात आमच्या इमारतीच्या हाउसमाइस्टरनं, म्हणजे देखभाल करणाऱ्या गृहस्थानं, काकांच्या दाराला चिठ्ठी लावली. तळघरातल्या त्यांच्या केलरमध्ये, म्हणजे अडगळीच्या खोलीत, आगीला निमंत्रण देईल इतका पुठ्ठा भरलाय, दोन आठवड्यांत मोकळा करा. काका चिठ्ठी घेऊन आमच्याकडे आले. मी म्हटलं, चला, मी येते मदतीला, असा कितीसा असणार?

दार उघडलं आणि मी कपाळाला हात लावला. गेल्या छत्तीस वर्षांत त्या घरात आलेल्या प्रत्येक वस्तूचं मूळ खोकं तिथे होतं. टीव्हीचं, मिक्सरचं, टेपरेकॉर्डरचं, शिलाईमशीनचं, हीटरचं. वस्तू कधीच्या मोडून भंगारात गेल्या होत्या, खोकी मात्र नवी कोरी. परत जाताना सामान त्यातच बांधायचं म्हणून राखलेली. खाली मोठी, वर लहान, त्याहून वर त्याहून लहान, अशी छतापर्यंत. काका जरा ओशाळून म्हणाले, हा पायऱ्यांचा आहे, अगदी सुरुवातीच्या काळातला. मला हसू आवरेना. पण त्या खोक्यांवर एका बायकी वळणाच्या अक्षरात 'नाजूक', 'प्रथम उघडणे', 'सातारा' असं लिहिलेलं दिसलं आणि हसू तिथेच थांबलं. माझ्या आईनं आम्ही निघताना आमच्या बॅगांवर असंच लिहून दिलं होतं.

आम्ही वरून एकेक उतरवायला लागलो. काका खोकं उलगडून सपाट करायचे, मी सुतळीनं बांधायची. मिक्सरचं खोकं जड लागलं. आत लाल कापडी पाठीची एक जाडजूड वही होती. मी उघडली. पानापानावर पिरॅमिड काढलेले, पेन्सिलीनं, फूटपट्टी लावून. आतल्या वाटा, खोल्या, राजाची शवपेटी कुठे, राण्यांचे लहान पिरॅमिड कुठे, सगळं मराठीत लिहिलेलं. अक्षर तेच, 'सातारा'वालं.

मी काकांकडे बघितलं. ते एका उलट्या खोक्यावर बसले होते. मग त्यांनी सांगितलं ते असं. विमलकाकू साताऱ्याला शाळेत इतिहास शिकवायच्या. नवऱ्याचं दोन वर्षांचं काम म्हणून नोकरी सोडून इकडे आल्या. इथे त्यांना करण्यासारखं काही नव्हतं, भाषा येत नव्हती. गावच्या वाचनालयात जाऊन त्या लहान मुलांची चित्रांची पुस्तकं आणायच्या, त्यातली इजिप्तची त्यांना समजली, कारण चित्रं बघून पुढचं कळायचं. असं करत करत जर्मन शिकल्या आणि पिरॅमिडही शिकल्या. सातवीच्या मुलांना हा धडा पुस्तकातून शिकवायच्या, आता परत गेल्यावर बघून येऊन शिकवणार होत्या. भारतात जाताना वाटेत कैरोला उतरायचं, हे दर वर्षी ठरायचं. दर वर्षी काकांचं कुठलं तरी काम अडायचं. पुढच्या वेळी. तोवर म्हणून मे महिन्यात कार्ल्सरूह, थालीपीठं घेऊन.

"मला पिरॅमिडात काही गम्य नव्हतं गं," काका म्हणाले. "ती सांगायची आणि मी खोडून काढायचो. रोज जेवताना. दुसरं बोलायला होतं कोण इथे दोघांना?"

मी वहीचं पान उलटलं. तो वाकडा पिरॅमिड होता, कोन बरोबर मांडलेले. खाली लिहिलं होतं: 'मला वाटतं, राजा थकला होता. हयातीत पुरं व्हावं म्हणून सर्वांची घाई झाली असावी. ह्यांचं म्हणणं, जमीन खचत होती. पण ते चूक आहे.'

मी ते मोठ्यानं वाचलं. काका खुदकन हसले, आणि डावा हात आपोआप जरासा वर गेला. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. सात वर्षं मी त्या मऊ आवाजाची टिंगल करत होते. तो आवाज काकूंचा होता. ती कलती मान काकूंची होती. काका गेली वीस वर्षं जिथे जातील तिथे काकूंचं म्हणणं आधी मांडायचे, आणि मग रोजच्यासारखं खोडून काढायचे, म्हणजे भांडण चालू राहील. आणि कार्ल्सरूहच्या बाकावर मला ज्या जागी बसू दिलं नाही ती जागा कुणाची, तेही कळलं. 

"हे सगळं ठीक आहे," काका म्हणाले, "पण घाईनं कोन बदलत नाही. ते चूकच आहे."

मग त्यांनी स्वेटरच्या खिशातून कोनमापकाच्या मागे घडी घालून ठेवलेला एक कागद काढला आणि माझ्या हातात दिला. फ्रीडहोफच्या कचेरीचं पत्र होतं. जंगलाच्या कडेच्या दफनभूमीत काकूंचा कलश आहे. तिथे दोन तऱ्हेच्या जागा मिळतात. एक रांगेतली, एकाच कलशाची, वीस वर्षांची, मुदत संपली की वाढवून मिळत नाही, दगड काढतात आणि जमीन सपाट करतात. दुसरी दोघांची, ती हवी तितकी वाढवता येते. काकू गेल्या तेव्हा काकांपुढे फॉर्म आला. त्यांनी पहिल्या चौकटीत खूण केली. मुदत आता मार्चमध्ये संपत होती.

मी विचारलं, काका, पण का? तुम्हाला फॉर्म कळत नव्हता असं थोडंच आहे?

"चांगला कळत होता. दोन वर्षांत परत जायचं होतं ना. जाताना तिला न्यायचं आणि संगम माहुलीला कृष्णेत सोडायचं. इथे दोघांची जागा घेऊन काय करायची होती? मी कुठे इथे मरणार होतो?"

सगळ्या डार्मश्टाटला पुरायची सोय विचारत हिंडणाऱ्या या माणसाची स्वतःची सोय नव्हती. जी होती काकूंची, तीही जाणार होती.  तिला माहुलीला नेऊ या का आता, असं मी विचारून बघितलं. काकांनी मान हलवली. तिकडे आता बहीण नाही, मेव्हणे नाहीत, घर नाही. तिला एकटीला तिकडे पाठवायचं आणि आपण इथे राहायचं, हे त्यांना जमणार नव्हतं. नदीत सोडली की मग बोलायला कुठे जायचं, असंही ते हळूच म्हणाले.

जानेवारीत आम्ही दोघं कचेरीत गेलो. खरं तर काकांचं जर्मन माझ्यापेक्षा दसपट चांगलं, मला कशाला नेतायत ते कळेना. तिथल्या बाई, फ्राऊ लांग, स्वभावानं बऱ्या निघाल्या. त्यांनी नियमांचं पुस्तक उघडून सांगितलं की मुदत संपल्यावर काकूंचा कलश दोघांच्या नव्या जागेत हलवता येईल, अर्ज करा. काकांनी लगेच विचारलं, वर पिरॅमिड चालेल का? लहानच, दोन फूट. फ्राऊ लांग दचकल्या. उभ्या टोकाचं काही चालत नाही म्हणाल्या. आडवा दगड, त्याला थोडासा उतार देता येतो, पावसाचं पाणी निघून जावं म्हणून. थोडासा म्हणजे किती, असं म्हणून काकांनी कोनमापक टेबलावर ठेवला. त्रेचाळीसपासून सुरुवात झाली. फ्राऊ लांग आतून एका सहकाऱ्याला घेऊन आल्या. शेवटी बारा अंशांवर तडजोड झाली आणि दोन्हीकडचे लोक घामाघूम झाले.

मग फ्राऊ लांगनी फॉर्मची शेवटची ओळ दाखवली. जागा पंचवीस वर्षांसाठी. काकांच्या पश्चात जागेची देखभाल कोण बघणार, त्या व्यक्तीचं नाव, पत्ता, सही. ती व्यक्ती इथे राहणारी असावी.

काका फॉर्मकडे बघत राहिले. माझ्याकडे त्यांनी बघितलंच नाही.

"मृणाल," ते म्हणाले, "तुम्ही परत जाणार आहात, मला माहीत आहे. नाही म्हटलंस तरी चालेल. पण तुझ्याशिवाय मला विचारायला कुणी नाही."

मला का आणलं ते तेव्हा कळलं. खरं सांगते, माझा हात पुढे होईना. पंचवीस वर्षांनी मी एकसष्ट वर्षांची होईन. आईला काय सांगू? अमेयला काय सांगू? कपाटावरचं ते आडवं घड्याळ माझ्या डोळ्यांसमोर आलं. दोन वर्षं, दोन वर्षं म्हणत सात गेली होती. काकांची छत्तीस गेली, आणि एका चौकटीतली खूण चुकली. मी पेन घेतलं आणि नाव लिहिलं, पत्ता लिहिला, सही केली. सही नेहमीपेक्षा जरा मोठीच झाली. फ्राऊ लांगनी शिक्का मारला, आणि काका खिशातला रुमाल शोधायला लागले, तो सापडेना, म्हणून मी माझा दिला.

परतीच्या ट्राममध्ये आम्ही शेजारी शेजारी बसलो. बाहेर बर्फाचं पाणी झालं होतं. काकांनी माझा रुमाल नीट घडी घालून परत दिला. मग म्हणाले, "अमेयकडे ड्रिल आहे का? तिचा फोटो लावावा म्हणतो भिंतीवर."

आहे, मी म्हटलं. शनिवारी येईल तो. आमचंही एक घड्याळ लावायचंय.

काकांनी मान डोलावली. दोन स्टॉप गेले. मग त्यांचा डावा हात मांडीवरून हळूच वर आला, मान किंचित कलती झाली आणि त्या मऊ आवाजात ते म्हणाले, "एक मत असंही आहे की राजा म्हातारा झाला होता, आणि घाई झाली."

मी पुढच्या वाक्याची वाट बघत बसले. आमचा स्टॉप आला, आम्ही उतरलो, घरापर्यंत चालत गेलो, जिन्यात त्यांनी मला अच्छा केलं आणि ते वर गेले. पण ते वाक्य त्यांनी काही म्हटलं नाही.